उंची वाढवलेली जीप थरथरते तेव्हा : स्वतः काम करताना या चुका टाळा

आमच्या गटात एखादी जीप थरथरते, एका बाजूला ओढते किंवा खालून खडखडते अशी तक्रार घेऊन कोणी आले, की आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो : या गाडीला शेवटचा हात कुठे लागला होता? झिजेमुळे येणारा बिघाड हळूहळू वाढत जातो. घरी काम केल्यानंतर चार दिवसांत जो बिघाड उभा राहतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा त्या कामात किंवा त्या कामामुळे बदललेल्या एखाद्या कोनात असते. हे मान्य करणे जड जाते, म्हणून माणसे एकामागून एक नवे भाग बसवत राहतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

फक्त स्प्रिंग बदलून उंची वाढवणे

१९९७ ते २००६ या काळातील जीप रँग्लर टीजे हे मॉडेल घ्या. तिला पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध कणा) आणि कॉइल (वेटोळ्यांच्या) स्प्रिंग आहेत, त्यामुळे लांब स्प्रिंग बसवून गाडी वर घेणे एका दिवसाचे काम वाटते. परंतु ॲक्सलला जागेवर धरणारा प्रत्येक दांडा गाडी वर गेल्यावर अधिक तिरपा होतो. ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे, म्हणजे ट्रॅक बारचे, एक टोक चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) आणि दुसरे ॲक्सलला असते. तो तिरपा झाला की त्याची आडवी लांबी कमी होते आणि ॲक्सल चॅसीकडील टोकाच्या दिशेला सरकतो. दोन्ही बाजूंना टायरच्या कडेपासून चॅसीपर्यंतचे अंतर मोजले तर हा फरक लगेच कळतो. त्यावर लांबी जुळवता येणारा ट्रॅक बार बसवावा किंवा त्याच्या टोकाची जागा बदलावी. मात्र जागा बदलताना ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) आणि ट्रॅक बार एकमेकांना समांतर राहतील याची काळजी घ्यावी, कारण त्यांचे कोन वेगळे झाले की प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळू लागते.

खालच्या कंट्रोल आर्मची (ॲक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांची) लांबी तीच ठेवून गाडी वर घेतली की पुढचा ॲक्सल मागे ओढला जातो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. कॅस्टर वाढवण्यासाठी ॲक्सल फिरवावा, तर त्याच हाउसिंगवरील (ॲक्सलच्या कवचावरील) पिनियनचा, म्हणजे शाफ्ट जोडलेल्या छोट्या गिअरचा, कोनही फिरतो आणि पुढच्या शाफ्टवर (ॲक्सलपर्यंत ताकद आणणाऱ्या फिरत्या दांड्यावर) ताण येतो. म्हणून आर्मची लांबी ठरवताना दोन्ही कोन मोजूनच मधला मार्ग काढावा लागतो. ब्रेकच्या नळ्यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. चॅसी उचलून चाक पूर्ण खाली लोंबू द्यावे आणि नळी ताणली जात नाही ना, हे स्वतः पाहावे.

डेथ वॉबलवर डॅम्पर बदलणे

साधारण ७० ते ९० किलोमीटर वेगात पुढचे एक चाक खड्ड्यावर किंवा पुलाच्या जोडावर आदळते आणि संपूर्ण पुढचा भाग डावी-उजवीकडे जोरात हलू लागतो, याला डेथ वॉबल म्हणतात. असे झाले की स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरवावा. त्यानंतर नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा भाग) बसवण्याची चूक मात्र मी स्वतः केली आहे. डॅम्पर हलणे काही दिवस दाबून ठेवतो, आणि तेवढ्या काळात झिजलेला सांधा आणखी झिजतो.

खरे कारण शोधायला दोन माणसे आणि दहा मिनिटे पुरतात. चाके जमिनीवरच राहू द्यावीत, इंजिन सुरू ठेवावे, एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सतत हलवावे आणि दुसऱ्याने खाली राहून एकेक सांधा पाहावा. ट्रॅक बारची दोन्ही टोके, टाय रॉडची (पुढची दोन चाके जोडणाऱ्या दांड्याची) टोके, बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळते ते गोल सांधे) आणि कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यातील रबरी अस्तर) या क्रमाने पाहणे आम्हाला सोयीचे वाटते, कारण ट्रॅक बारपाशीच दोष सापडण्याचे प्रसंग सर्वाधिक आले. ब्रॅकेटमधील बोल्टचे भोक लांबट झाले असेल तर नवा बुश टाकूनही काही उपयोग होत नाही; आधी ते भोक दुरुस्त करावे लागते. सगळे सांधे घट्ट असतील तर टायरचा बॅलन्स आणि कॅस्टर तपासावा.

गाडी हवेत असताना बुशचे बोल्ट आवळणे

ही चूक नवशिक्यांपेक्षा थोडा अनुभव असलेल्यांकडून अधिक होते. मूळ कंट्रोल आर्मच्या बुशमधील रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेले असते, आणि बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये पकडली जाते. ॲक्सल लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांतच फाटते. बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढे-मागे थोडी ढकलावी आणि मगच हँडबुकमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळावेत. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीपमध्ये शॅकलच्या (पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्याच्या) बोल्टनाही हाच नियम लागू होतो. पाटे धरणारे यू-बोल्ट एकदा सोडले की नवेच वापरावेत, कारण आवळताना ते ताणलेले असतात.

थरथर कुठून येते हे न ओळखणे

२९ इंची टायर असलेली जीप ताशी ९० किलोमीटर वेगाने धावताना चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, तर ३.७३ रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ३.७३ फेरे) असल्यास प्रोपेलर शाफ्ट सुमारे ४० फेरे घेतो. म्हणून टायरचा दोष मोठ्या, मोजता येण्याजोग्या हिसक्यांनी कळतो, तर शाफ्टचा दोष बारीक गुंजनासारखा पायाखाली जाणवतो. त्याच वेगात गिअर न्यूट्रल करून इंजिनाचे फेरे खाली आल्यावरही थरथर तशीच राहिली, तर इंजिनाकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

टीजेचा मागचा शाफ्ट आखूड असल्याने उंची वाढवल्यावर त्याचा कोन फार तीव्र होतो. साध्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन सारखे लागतात, तर ट्रान्स्फर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या) बाजूला दुहेरी क्रॉस (लागोपाठ दोन लवचीक सांधे) असलेल्या शाफ्टला पिनियन जवळजवळ थेट ट्रान्स्फर केसकडे रोखलेला लागतो. शाफ्ट एका प्रकारचा आणि पिनियनचा कोन दुसऱ्या प्रकारचा ठेवला, तर कितीही बॅलन्स केला तरी गुंजन जात नाही.

टायर वाढवून रेशो तसाच ठेवणे

२९ इंचांवरून ३३ इंचांवर गेल्यास टायरचा घेर सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो; स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६८ च्या वेगाने चाललेली असते. मूळ ३.७३ रेशोची ओढ परत मिळवायला ४.२४ च्या आसपासचा रेशो लागतो, म्हणून ४.१० आणि ४.५६ यांतून आपल्या वापरानुसार निवड करावी. रेशो बदलताना पुढचा आणि मागचा दोन्ही सारखेच बदलावे लागतात, अन्यथा फोर-व्हील लावताच ट्रान्स्फर केस आणि शाफ्ट एकमेकांविरुद्ध झगडतात. चारही टायर एकाच मापाचे ठेवण्यामागेही हेच कारण आहे.

तेलाबाबत गृहीत धरणे

टीजेच्या एनव्ही २३१ ट्रान्स्फर केसमध्ये गिअर ऑइल नव्हे, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल जाते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये (एकच चाक नुसते फिरू न देणाऱ्या गिअरच्या पेटीत) फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारे मिश्रण) घालायचा राहिला की वळणावर कडकड आवाज येतो आणि माणसे विनाकारण ते उघडून बसतात. तेल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही हे पाहावे, नाहीतर तेल काढून झाल्यावर गाडी जागेवरच अडकते.

पाण्यातून गेल्यानंतरची तपासणी टाळू नये. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची वाट) चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते लगेच बदलावे आणि ब्रीदरची नळी उंचावर नेऊन बसवावी.

एकत्र काम करताना बोल्ट विसरणे

एका कामाच्या दिवशी आम्ही पाचजण एका गाडीखाली होतो. ट्रॅक बारचा बोल्ट एकाने हाताने बसवला, दुसऱ्याला पान्हा आणायला पाठवले आणि तेवढ्यात सगळ्यांचे लक्ष ब्रेककडे वळले. प्रत्येकाला वाटले की तो बोल्ट दुसऱ्याने आवळला असेल. सुदैवाने गाडी आवारातून बाहेर पडण्याआधीच स्टिअरिंग सैल लागले. तेव्हापासून जो टॉर्क रेंच लावतो तोच बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची रेघ ओढतो, आणि रेघ नसलेला बोल्ट सैलच समजला जातो. चाकांचे नट १०० किलोमीटरनंतर आणि सस्पेन्शनचे सगळे बोल्ट ८०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासताना, ज्या बोल्टची रेघ तुटलेली दिसते तिथूनच आम्ही सुरुवात करतो.