सातपुड्याच्या पायथ्याला पेंटबॉल खेळायचं असेल तर

माझं जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात कृषी केंद्र आहे. थंडीत दुकान बंद असलं की आम्ही मित्रमंडळी एका दोस्ताच्या पडीक माळावर पेंटबॉल खेळतो, म्हणजे दाबाच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारून समोरच्या संघाला बाद करायचा खेळ. बघायला येणारा पहिला प्रश्न ठरलेला: "भो, बंदूक केवढ्याची?" बंदुकीचं शेवटी बघू. आधी महिना, मग जागा, मग मास्क. आणि या तिन्हींपेक्षा अवघड म्हणजे खेळताना चार जणांनी एकमेकांशी नीट बोलणं. नेम चांगला असलेले पण मुके गडी आमच्याकडे कायम हरतात.

महिना म्हणाल तर दिवाळी ते महाशिवरात्र. त्याआधी गवत कमरेला लागतं आणि त्यात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. फुरसं, घोणस हे आपल्याकडे नवल नाही. महाशिवरात्रीनंतर उलटी अडचण: रानात पाचोळा वाळलेला, एका बिडीच्या थोटकाने पेटेल असा, आणि आपलं ऊन तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. रंगाच्या गोळ्यांचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या कॅप्सूलसारखं. उन्हात ते मऊ पडतं, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि नळीतच फुटतात. म्हणून डिसेंबरातसुद्धा गोळ्यांचा खोका गाडीत ठेवू नका, झाडाखाली सावलीत ठेवा. दवात आणि ओल्या हातांनीही त्या फुगतात.

जागा खासगी मालकीची हवी. यावल अभयारण्य, अनेर धरणाचं अभयारण्य, तिकडे चाळीसगावला गौताळा, ही नावं काढूच नका. वनखात्याच्या हद्दीत असले खेळ चालत नाहीत आणि चालूही नयेत. मालकाची परवानगी घ्या आणि गावच्या पोलीस पाटलाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. तोंड झाकलेली आठ माणसं हातात बंदुकीसारखं काहीतरी घेऊन नाल्यातून पळताना एखाद्या म्हातारीने पाहिली तर गावात काय बातमी पोहोचेल, विचार करा. याच कारणासाठी लष्करी रंगाचे कपडे घालू नका. मळका शर्ट आणि जुनी पँट झाडीत तितकीच लपते.

चार-चार जणांसाठी एक-दीड एकर पुरतं. त्याहून मोठी जागा घेतली तर निम्मा वेळ समोरच्याला शोधण्यात जातो. सपाट माळ कंटाळवाणा होतो. मधून कोरडा नाला गेलेला, काठावर दोन-तीन जुने अंजन, थोडे पळस, थोडी बाभूळ आणि एखादा मोडका बांध असला की झालं. आडोसा कमी वाटला तर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे उभे करा, ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी ठेवा, केळीचे रिकामे क्रेट रचा.

पुण्याचे पाहुणे हमखास म्हणतात, केळीच्या बागेत खेळू, काय मस्त गर्द आहे! अजिबात नाही. पायाखाली ठिबकच्या नळ्या तुटतात, घडाला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो, आणि केळीचा चीक कपड्याला लागला तर तो कपडा कायमचा गेला. पेंटबॉलचा रंग पाण्याने धुतला जातो, चीक नाही.

खेळाच्या आदल्या दिवशी दोघांनी ती जागा पायी फिरून बघायची. कठडा नसलेली विहीर आहे का? असली तर तिच्याभोवती लांबून रिबीन बांधा आणि तो भाग खेळातून काढून टाका. शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे विजेचा झटका देणारं कुंपण, लावलंय का? लावलं असेल तर त्या बाजूची हद्द आत घ्या. झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर जागाच बदला. भरकटलेली एक गोळी पोळ्याला लागली तर पेंटबॉलचा मास्क काही कामाचा नाही. आणि खाजकुयली! तिच्या मखमली शेंगा नेमक्या थंडीत तयार होतात. वेल झुडपावर चढलेली असते आणि लपायला ते झुडूप फार छान वाटतं. ज्याला लागली तो त्या दिवशी परत खेळत नाही. गुराख्यांनाही वेळ सांगून ठेवा. एखादी शेळी हद्दीत आली तर शिट्टी, खेळ बंद, शेळी बाहेर, मग पुढे.

आता सामान. ते विकत घेऊ नका, भाड्याने आणा. मोठ्या शहरातले खेळ भरवणारे लोक पुरेसे गडी असतील तर सगळा संच आणि एक माणूस पाठवतात. बंदुकीला ते मार्कर म्हणतात. वरच्या डब्याला हॉपर, त्यात साधारण २०० गोळ्या मावतात. मागे किंवा खाली हवेची टाकी. गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे १७ मिलिमीटरच्या आसपास, आणि वजनाला ३ ग्रॅम. माणशी ३०० गोळ्या धरा. नवे गडी त्या पहिल्या दोन डावांतच उडवतात.

फोनवर त्या माणसाला तीन गोष्टी विचारा. टाकीत कार्बन डायऑक्साइड आहे की दाबलेली हवा? टाकीची दाबचाचणी कधी झाली? आणि क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, सोबत आणणार का? तिसऱ्याला 'गरज नाही' असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. जगभर मैदानांवर सेकंदाला ३०० फुटांची मर्यादा मानतात. झाडीत अंतर कमी असतं म्हणून २८० च्या वर जाऊ नये, आणि तेसुद्धा ताशी ३०० किलोमीटरच्या वर होतं. आम्ही नवख्यांसाठी २५० च्या जवळ ठेवतो. कार्बन डायऑक्साइडची टाकी असेल तर दुपारी पुन्हा वेग मोजा, कारण टाकी तापली की दाब वाढतो आणि सकाळी बरोबर असलेला मार्कर दुपारी जोरात मारतो. दाबलेल्या हवेचा वेग स्थिर राहतो. फक्त ती टाकी ३००० पीएसआयची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) असते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरू, असं आमच्यातला एक जण दरवेळी सुचवतो. तो कॉम्प्रेसर दीडशेच्या पुढे जात नाही रे बाबा.

मास्कबद्दल मात्र मी भांडतो. माझ्याच दुकानात फवारणीचे गॉगल मिळतात आणि मी स्वतः सांगतो, ते इथे चालत नाहीत. वेल्डिंगचा नाही, मोटरसायकलचा नाही, क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी तर नाहीच. पेंटबॉलसाठीच बनवलेला, डोळे, कान आणि हनुवटी झाकणारा मास्क हवा. काचेला तडा असेल तर तो बाजूला ठेवा. एक-दोन मास्क जास्तीचे मागवा. हद्दीच्या आत मास्क काढायचा नाही, घाम आला तरी नाही, काच धुरकटली तरी नाही, 'मी आऊट झालोय' म्हणूनही नाही. काही दिसेनासं झालं तर जागेवर खाली बसायचं, हात वर करायचा आणि पंचाला हाक मारायची. तो हाताला धरून बाहेर नेतो. बघायला आलेल्यांची रेघ गोळी पोहोचणार नाही इतकी लांब आखा आणि पोरांना झाडावर चढू देऊ नका. हद्दीबाहेर प्रत्येक मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढलेली पाहिजे. टोपी नाही तर पुढचा डाव नाही.

बाकी अंगावर पूर्ण बाह्या, जाड पँट, घोटा झाकणारे बूट, आणि गळ्याभोवती आपला बागायती रुमाल दोन वेढे. मानेवर लागलेली गोळी चांगलीच झोंबते. शेतावरचा कुत्रा बांधून ठेवा. गोळीतला रंग माणसाच्या अंगाला काही करत नाही, पण कुत्र्याने पडलेल्या गोळ्या जास्त खाल्ल्या तर तो गंभीर आजारी पडतो.

नियम थोडकेच ठेवा. अंगावर किंवा मार्करवर गोळी फुटून रुपयाएवढा डाग पडला की बाद. दुसरीकडे फुटून उडालेले शिंतोडे मोजायचे नाहीत. बाद झालेल्याने हात वर करून, टोपी चढवून, बाहेर जायचं. जाता जाता 'अंजनामागे दोघं आहेत' असं सांगायचं नाही. मेलेला माणूस बोलत नाही. वीस फुटांच्या आत कोणी सापडला तर गोळी मारायची नाही, 'शरण ये' म्हणायचं, आणि त्याने मुकाट्याने यायचं. न बघता नुसती नळी बाहेर काढून गोळ्या झाडणं बंद. पंच असा निवडा ज्याच्याशी कोणी हुज्जत घालणार नाही. आमच्याकडे ते काम एक निवृत्त मास्तर करतात. निम्मे गडी त्यांच्याच हाताखालून गेलेत, त्यामुळे शिट्टी वाजली की सगळे गप्प.

नवख्यांनी झेंड्याचा डाव खेळावा. दोन टोकांना दोन झेंडे, पंधरा मिनिटं, समोरचा झेंडा आपल्या टोकाला आणायचा. नुसतं मारामारीचं ठेवलं तर सगळे आपापल्या झाडामागे रुतून बसतात. १९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात हा खेळ पहिल्यांदा झाला तोही झेंड्यांचाच होता. बारा जण होते, हातात झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या बंदुका. जिंकला तो जंगलात काम करणारा एक माणूस, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गड्याला सांगतो, कारण तो आल्या आल्या हॉपर रिकामा करायच्या तयारीत असतो.

डाव सुरू होण्याआधी चौघांनी मिळून जागेला नावं द्या. थोरला अंजन, जोड पळस, बांध, वळण, क्रेट. 'तिकडे, तिकडे!' असं ओरडण्याचा काही उपयोग नाही, कारण तिकडे म्हणजे कुठे? बोलायचं ते इतकंच: किती जण, कुठे, काय करतायत. 'वळणावर एक, थांबलाय.' ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, म्हणजे कळलं हे कळतं. समोरचे ऐकतात, ऐकू देत. आपल्याला ठिकाण कळणं जास्त मोलाचं. पुण्याचे भाचे समोर असले की आम्ही अहिराणीत जातो. 'दोन जण नालामा शेतस' म्हटलं की त्यांना काही उमजत नाही. समोर कोणाचं आजोळ अमळनेर-पारोळ्याचं असेल तर मात्र ही युक्ती फसते, हे आधी विचारून घ्या.

कामं वाटून घ्या. पळणारा एक, दाबून धरणारा एक, कडेने वळसा घालणारा एक, आणि मागे राहून सगळं बघणारा एक. दाबून धरणारा गोळ्या मारतो त्या लागाव्यात म्हणून कमी आणि समोरच्याने डोकं बाहेर काढू नये म्हणून जास्त. तो एक-एक, थांबत मारतो. तेवढ्यात पळणारा पुढच्या आडोशापर्यंत जातो आणि पोचल्यावर ओरडतो, 'आलो'. मग पहिला उठतो. दोघं एकदम उठले की दोघंही गेले समजा. वळसा घालणाऱ्याने नाल्यातून जावं. सागाच्या वाळल्या पाचोळ्यावर मांजरसुद्धा आवाज न करता चालू शकत नाही, पण नाल्यातल्या वाळूवर पाऊल वाजत नाही. पाचोळ्यातून जावंच लागलं तर समोर गोळीबार चालू असताना किंवा वाऱ्याची झुळूक आली की हला. मागे राहणाऱ्याला सगळे हसतात, पण तो नसला की वळसा घालून आलेला समोरचा गडी तुमच्या पाठीत गोळी मारतो.

आडोशाच्या वरून डोकावू नका, बाजूने डोकावा, आणि एकाच बाजूने दोनदा नको. उजव्या हाताचे असाल तर झाडाच्या डाव्या कडेने मारताना मार्कर डाव्या हातात घ्या, नाहीतर निम्मं अंग बाहेर येतं. पळसाचं बारीक खोड तुम्हाला झाकत नाही, ते फक्त तुम्ही झाकले गेलात असं वाटायला लावतं. गोळी तीस-चाळीस मीटरच्या पुढे खाली पडते, म्हणून लांबच्यासाठी नेम थोडा वर धरा. काटक्यांतून मारलेली गोळी पहिल्याच काटकीवर फुटते. फट शोधा, किंवा दोन पावलं सरकून फट करून घ्या. सकाळचा डाव असेल तर पूर्वेकडचं टोक ज्याला मिळालं त्याच्या पाठीशी ऊन असतं. दर डावाला टोकं बदला, म्हणजे त्यावरून भांडण नको.

खाली पडलेली गोळी उचलून परत हॉपरमध्ये टाकू नका. तिला माती लागलेली असते, आणि ती नळीत फुटली की पुढचा प्रत्येक नेम वाकडा जातो. फुटलीच तर सोबतच्या लांब पुसणीने नळी आतून पुसून घ्या.

खेळ संपल्यावर भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर तुटून पडण्याआधी एक फेरी मारा: न फुटलेल्या गोळ्या वेचा, रिबिनी सोडा, क्रेट मालकाच्या खळ्यात नेऊन रचा. मास्क मऊ ओल्या फडक्याने पुसा, काच खरखरीत कापडाने घासू नका. टोप्या मोजून परत द्या, हरवलेल्या टोपीचे पैसे कापतात. हिशेब त्याच संध्याकाळी करा, जागामालकाचे आणि भरीतवाल्या मावशींचे पैसे आधी बाजूला काढा, आणि जास्तीच्या गोळ्या ज्याने मागवल्या त्याच्याच नावावर मांडा.