ग्लो इंजिन नीट चालत नाही? ‘स्वस्त होतं म्हणून’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

मॉडेल विमानाचं स्वस्त ग्लो इंजिन (ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं, मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) दगा देतं ते सहसा क्रँककेसच्या, म्हणजे बाहेरच्या सांगाड्याच्या, कास्टिंगमुळे नव्हे. किंमत उतरवताना कात्री लागते ती मापांच्या काटेकोरपणाला आणि तपासणीला. पिस्टन आणि तो ज्यात सरकतो ती नळी, म्हणजे लायनर, किती नेमके बसलेत, बेअरिंग कसलं आहे, कनेक्टिंग रॉडला ब्राँझचं बुश (झीज सोसणारी कडी) आहे का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एकाच मॉडेलचं एक इंजिन उत्तम निघतं आणि दुसरं डोकं खातं.

पण बिघाडाचा दोष अनेकदा वापरण्याच्या पद्धतीतच असतो.

पहिली चूक: घट्ट पिस्टन पाहून ‘जाम’ समजणं. एबीसी (अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, ब्रासचा लायनर, त्यावर क्रोम) इंजिनात क्रोमचा मुलामा असलेला पितळी लायनर वरच्या टोकाला मुद्दाम निमुळता केलेला असतो. थंड इंजिनाचा प्रॉप (पंखा) हाताने फिरवला की पिस्टन वर अडकतो, कुईं असा आवाजही येतो. हे चांगलं लक्षण आहे. इंजिन तापलं की लायनर फुगून जागा देतो. इथे पॉलिश पेपर मारलात तर कॉम्प्रेशन कायमचं गेलं. सुरू करण्यापूर्वी हेड हेअर ड्रायरने गरम करा. एबीसी फार रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), थंड चालवून रुळवू नका. किंचित रिच ठेवून एक-दोन मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, असं आठ-दहा वेळा करा. पिस्टनला रिंग असलेलं इंजिन मात्र रिच चालवूनच रुळवायचं.

दुसरी चूक: आरपीएम वरखाली होताच नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवत बसणं. थ्रॉटल बंद करूनही वेग लवकर उतरत नसेल, तर बहुधा कुठूनतरी हवा शिरतेय. बॅकप्लेटचे (मागच्या झाकणाचे) स्क्रू इंजिन गार असताना आमनेसामने थोडेथोडे आवळा, कार्ब्युरेटरच्या मानेतली ओ-रिंग पाहा, इंधनाच्या नळीला बारीक भोक आहे का तपासा. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीत किंवा एखाद सेंटिमीटर खाली हवी.

ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पावसाळा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून कॅनचं झाकण उघडं ठेवू नका. उडवून झाल्यावर इंधनाची नळी काढून आतलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालवा. मग ग्लो प्लग काढून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार-पाच थेंब टाका, प्रॉप दहा वेळा फिरवा. प्लगशिवाय फिरवताना हाताला खरखर लागली, तर बेअरिंग गंजलंय. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून तेच माप एखाद्या बेअरिंगच्या दुकानात मागा. मागचं बेअरिंग उघडं असावं, पुढच्याला फक्त प्रॉपच्या बाजूने शील्ड (झाकण). जुनं काढताना हातोडा नको. क्रँककेस १५० अंशांच्या आसपास तापवून लाकडावर हलकेच आपटलं की ते सुटतं. पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नव्हे.

गरम असतानाही प्रॉप सहज फिरतो, कॉम्प्रेशन जाणवत नाही? मग पिस्टन-लायनरचा संचच बदलावा लागेल. म्हणून इंजिन घेताना दुकानदाराला आधी विचारा, हा संच आणि रॉड सुटे मिळतात का? मिळत नसतील तर कितीही स्वस्त असलं तरी ते इंजिन घेऊ नका.