निकाल लागला, आता रजिस्ट्रेशन: नागपुरातल्या नर्सिंग आणि थेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी

जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी या पदविकेचा, शेवटचा निकाल लागला की त्याच आठवड्यात मुलींचे फोन सुरू होतात. "मॅडम, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये सोमवारपासून जॉइन होतेय." माझा पहिला प्रश्न दरवेळी एकच असतो, "रजिस्ट्रेशन झालं?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. मी नर्सिंग शिकवते, आणि तीन-चार वर्षं रात्रपाळ्या करून शिकलेली मुलगी केवळ कागदासाठी 'ट्रेनी'च्या पगारावर अडकलेली पाहिली की जीव तुटतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आधी कोणाचं काम काय ते समजून घ्या

एएनएम (सहायक परिचारिका आणि मिडवाइफ) आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सी नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. ते तुम्हाला गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र देतात. नर्स म्हणून काम करण्याची परवानगी मात्र मुंबईचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल देतं, 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली. दिल्लीची भारतीय परिचर्या परिषद अभ्यासक्रमाचे निकष ठरवते. तुमचं नाव चढतं ते राज्याच्या रजिस्टरात.

जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांची नोंद नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नात्यांनी होते, म्हणूनच नावापुढे 'आरएन, आरएम' लागतं. एएनएमची नोंद वेगळी असते.

नाव जुळवा, आणि ते निकालाआधीच

सगळ्यात जास्त अर्ज अडताना मी इथेच पाहिले आहेत, त्यामुळे इथे जरा थांबते.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलट क्रम. नुसता क्रम बदलला तर सहसा निभावतं, पण स्पेलिंग बदललं, वडिलांचं नाव गळलं किंवा मधेच लग्न होऊन आडनाव बदललं, तर अर्ज परत येतो. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहून नागपुरात शिकायला येणाऱ्या मुलींच्या दहावीच्या कागदावर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं आणि इथल्या कॉलेजात फॉर्म भरताना ते मधलं नाव म्हणून घुसतं. मग त्याच मुलीची कागदावर दोन नावं होतात.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या दहावीच्या कागदावर नावात एक 'ए' जास्त होता. चारही वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्या आणि माझ्याही नाही. कळलं ते अर्ज परत आल्यावर. तोवर सरकारी भरतीची तारीख निघून गेली होती. तेव्हापासून मी पहिल्या वर्षालाच सगळ्यांचे कागद टेबलावर मांडून घेते.

तुम्हीही घ्या. दहावी, बारावी, टीसी, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, आधार. एक-एक अक्षर जुळवा. आधारातली चूक आधार केंद्रावर दुरुस्त होते, गुणपत्रिकेतली बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नाव बदलून घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं रजिस्ट्रेशन शिक्षणाच्या कागदावरच्या नावानेच करावं, बदल नंतर करता येतो.

अर्ज स्वतः भरा

अर्ज कौन्सिलच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. कागदांची यादी आणि शुल्क त्याच दिवशी तिथे बघा, मैत्रिणीने मागच्या वर्षी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. मूळ कागद स्कॅन करा, झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो चालवून घेऊ नका.

आणि मोबाइल नंबर, ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्या दादाचा नंबर दिला तर पुढची कित्येक वर्षं ओटीपी त्यालाच जाणार. 'लवकर काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला मूळ कागद तर कधीच देऊ नका.

प्रमाणपत्र हातात आलं की नाव, जन्मतारीख, कोर्स आणि नोंदणी क्रमांक तिथल्या तिथे वाचा.

हे मिळाल्यावर काय उघडतं

अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, सरकारी भरतीला कौन्सिलची नोंदणी लागतेच. मिहानमधल्या एम्ससाठी नॉरसेट, म्हणजे एम्सची नर्सिंग भरतीची परीक्षा, द्यायची असेल तरी लागते, आणि जीएनएमवाल्यांना तिथे किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. म्हणून पहिली नोकरी धरताना पगाराइतकंच खाटांकडेही लक्ष द्या आणि नियुक्तिपत्र जपून ठेवा.

थेरपीवाल्यांसाठी

फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवी असेल तर इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी करायची. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या उपचारांच्या (वाचा-श्रवण) पदविकेवर सहायक म्हणून काम करणाऱ्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, 1992 च्या कायद्याखाली.

खरी अडचण 'थेरपी असिस्टंट'च्या सहा महिन्यांच्या, वर्षाच्या कोर्सांची आहे. बर्डीवरच्या पाट्या बघून मुलं पैसे भरतात आणि ते प्रमाणपत्र म्हणजेच लायसन्स समजतात. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण सांगितलं आहे. सहा महिन्यांचा कोर्स त्यात कसा बसणार? प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारा: हा कोर्स केल्यावर माझं नाव कोणत्या परिषदेच्या रजिस्टरात चढेल? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच ठेवा.

दुसऱ्या राज्यात जाताना, आणि नंतरही

नागपुरात शिकून छिंदवाड्यात घरी परतायचं असेल तर आधी महाराष्ट्रात नोंदणी करा, मग इथून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन मध्य प्रदेशच्या कौन्सिलकडे अर्ज करा. तिकडे शिकून इकडे येणाऱ्यांनी हेच उलट दिशेने करायचं. परदेशातली परिषद तुमच्या नोंदणीची पडताळणी बहुतेक वेळा थेट कौन्सिलकडून मागवते, त्यामुळे तो वेळ हाताशी ठेवूनच निघा.

नर्सिंगची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. बाळंतपणाची रजा, बदली, घरचं आजारपण यात ती तारीख हमखास विसरली जाते. प्रशिक्षणांना, कार्यशाळांना गेलात की प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा आणि मुदतीची तारीख घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. माझी माझ्या मुलाच्या मोबाइलमध्ये आहे.