रंगमंचासाठी १९०२ चं लष्करी ट्युनिक शिवताना

गिरगावात नाटकांचे कपडे शिवते. ब्रिटिश पायदळाचं १९०२ च्या नमुन्याचं ट्युनिक, म्हणजे सैनिकी कोट, माझं सगळ्यात आवडतं काम.

मूळ कापड लोकरीचं सर्ज. मुंबईच्या उकाड्यात, दिव्यांखाली नटाचा जीव जाईल. मंगलदास मार्केटातून जाड सुती ड्रिल घ्या, हिरवट झाक असलेली खाकी. कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. एकदा घाईत तसंच शिवलं, पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या.

पुढे पाच पितळी बटणं, कॉलर उभ्या पट्टीवर दुमडणारी. खरी गंमत खिशांत आहे. छातीवरचे दोन वरून लावलेले, मधोमध चुणीचे. खालचे दोन आतून, बाहेर फक्त झाकण दिसतं. चारही वरून चिकटवले की कोट खोटा दिसतो.

खांद्यांवर कापडाचा जादा तुकडा लावा, दुहेरी टीप मारून. बंदुकीने आणि पट्ट्यांनी तिथेच झीज होते.

आत उजव्या घेरात मलमपट्टीचा छोटा खिसा असतो. प्रेक्षकांना दिसत नाही, तरी मी शिवतेच. नटाचा हात तिथे जातो.

बाहीवरच्या, हुद्दा दाखवणाऱ्या V आकाराच्या फितींची टोकं खाली: सार्जंटला तीन, कॉर्पोरलला दोन. पहिल्या महायुद्धातला हिंदी शिपाई असेल तर हे ट्युनिक नको, छातीपर्यंत उघडणारा लांब खाकी कुडता शिवा.