जुन्या ट्रकच्या रिंगवाल्या डिस्क कशा बदलायच्या (आणि जीव कसा वाचवायचा)

आधी एक गोष्ट स्पष्ट. जुन्या लॉक रिंगवाल्या डिस्क (चाकाचा लोखंडी भाग, ज्यावर टायर बसतो) घासून, प्रायमर मारून, वर सिल्व्हर कलर देऊन "चकाचक केल्या" म्हणून जे खूश होतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. रंगाने काही होत नाही. आपल्याकडे खारा वारा, चार महिने धो धो पाऊस, त्यात गाडीने कधीकाळी किनाऱ्यावर मासळी नाहीतर रेती भरलेली, त्यामुळे गंज दिसतो तिथे नसतोच, तो रिंगेच्या खाली जी खाच असते तिच्यात बसलेला असतो आणि ती खाच टायर उतरवल्याशिवाय दिसत नाही.

आमची १२१०, टाटाचा जुना ट्रक, पुढे बॉनेटवाली, देवगडात आंब्याच्या पेट्या आणि चिरे दोन्ही वाहून म्हातारी झालेली. मी आठवीत असताना रस्त्याकडेच्या एका पंक्चरच्या दुकानात तिच्या मागच्या टायरला हवा भरणं चाललं होतं. काका लांबून ओरडले, "अरे रिंग बसली नाय हा, हवा बंद कर!" पोरगा कॉम्प्रेसर बंद करायला उठला आणि तेवढ्यात ठाप्पकन आवाज. रिंग पत्र्यातून आरपार जाऊन मागच्या माडात रुतली. पोरगा उठला नसता तर, असो. त्या माडावर अर्धचंद्रासारखा वण अजून आहे, माझ्या छातीच्या उंचीवर.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. या डिस्कचे दोन किंवा तीन भाग असतात. एक मुख्य डिस्क, तिच्यावर टायरची कड धरणारी साइड रिंग, आणि तीन भागांच्या डिस्कमध्ये साइड रिंग जाग्यावर धरून ठेवणारी, एके ठिकाणी कापलेली लॉक रिंग. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही, फक्त खाचेत अडकलेली असते. आत १०० पीएसआय हवा म्हणजे दर चौरस इंचावर १०० पाउंड, साधारण ४५ किलो, आणि टायरच्या बाजूचं क्षेत्रफळ शेकडो चौरस इंच, म्हणजे रिंगेवर टनांच्या हिशोबात जोर. खाच गंजून झिजली, रिंग वाकली, किंवा एका कंपनीची रिंग दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर बसवली (आपल्याकडे हे सर्रास चालतं, "बसली ना, मग झालं") की तो सगळा जोर एका क्षणात सुटतो. अमेरिकेत १९८० साली या कामासाठी कामगार सुरक्षेचा वेगळा नियमच काढावा लागला. त्यात तेव्हा होतं की, हवा भरताना चाक ज्यात ठेवतात त्या लोखंडी पिंजऱ्याच्या बाहेर रिंग बसवण्यापुरती हवा भरायची तर जास्तीत जास्त ३ पीएसआय. तीन! आपल्याकडे रिंगेवर पाय ठेवून शंभर भरतात.

आता काम. धोका फक्त हवा भरतानाच नसतो, जुनी काढतानाही असतो. म्हणून पहिला नट सैल करायच्या आधी टायर पूर्ण रिकामा झाला पाहिजे, आणि पूर्ण म्हणजे वॉल्वची पिन काढून. मागे जोडचाकं असतील तर दोन्हींची. पिन काढल्यावर फुस्स झालं म्हणून मोकळे होऊ नका, वॉल्वच्या नळीत एक बारीक तार आतबाहेर करून बघा, चिखल नाहीतर गंज अडकून नळी बंद असते आणि टायर आतून भरलेलाच राहतो. आम्हाला एका चाकात तसं सापडलं, तार फिरवल्यावर दुसऱ्यांदा हवा सुटली तेव्हा सगळे गप्प. काही जुन्या लष्करी गाड्यांना डिस्कचे दोन अर्धे बोल्टने जोडलेले असतात, तिथे नटांची दोन वर्तुळं दिसतात, एक गाडीला धरणारं आणि एक दोन अर्ध्यांना धरणारं. हवा असताना चुकीचं वर्तुळ सोडवलं तर सांगायला माणूस उरत नाही.

जॅकबद्दल खास आपल्या बाजूची सूचना. खाली चिरा लावू नका. जांभा दिसायला दगड, पण जॅकच्या टोकाखाली न सांगता फुटतो, आणि पावसात जमीन तर लोण्यासारखी. जाड लाकडी फळी खाली, वर जॅक, अॅक्सलखाली नीट लोखंडी स्टँड, बाकीच्या चाकांना पुढेमागे ओंडके. आधी जॅकने वजन जवळजवळ सगळं उचला, पण टायर जमिनीला टेकलेला ठेवा, मग हवा काढा, मग नट सैल करा आणि मगच चाक अधांतरी करा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी स्टडचं (नट ज्यावर चढतो त्या बोल्टचं) तोंड साफ करून आटे बघा, नाहीतर दोन माणसं पाइप लावून अर्धा तास नट घट्टच करत बसतात. (आम्ही बसलो होतो.)

बदलून काय घालायचं? वीस इंची ट्यूबवाल्या डिस्कच्या जागी साडेबावीस इंची ट्यूबलेस डिस्क, ती एकसंध असते, उडायला रिंगच नाही. मापं अशी जुळतात: ८.२५-२० च्या जागी ९आर२२.५, ९.००-२० च्या जागी १०आर२२.५, १०.००-२० च्या जागी ११आर२२.५. नऊशे-वीस (म्हणजे ९.००-२०) आणि १०आर२२.५ दोन्हींची उंची साधारण १ मीटर २ सेंमीच भरते, त्यामुळे स्पीडोमीटरची काळजी नको. जुने टायर मात्र चढणार नाहीत, ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) बाद. म्हणजे खर्च डिस्क अधिक टायर, आणि सहा नाही तर सात, स्टेपनी विसरू नका, कारण रात्री घाटात तीच जुनी रिंगवाली स्टेपनी तुम्ही स्वतःच्या हाताने लावणार.

घ्यायच्या आधी मोजा. भोकं किती, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किती, मधलं मोठं भोक किती, स्टडची जाडी, आणि नट बसतो ती जागा उतरती आहे की सपाट. हे शेवटचं लोक बघत नाहीत. उतरत्या तोंडाचा नट सपाट डिस्कवर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि मग स्टड तुटायला लागतात. ऑफसेट (डिस्कचा टेकणारा भाग चाकाच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) चुकला तर मागची जोडचाकं एकमेकांना पोटात घासतात. आम्ही आधी एकच डिस्क आणली, टायर न चढवता ड्रमवर लावून हाताने फिरवून बघितली, वॉल्व ड्रमला लागत नाही ना ते तपासलं, आणि मगच बाकीच्या घेतल्या. तुमच्या मापाची एकसंध डिस्क मिळालीच नाही तर नवीन तीन भागांचा सेट घ्या, पण एकाच कंपनीचा, पूर्ण. लेथवाल्याकडून जुन्या डिस्कचा मधला भाग कापून नवीन रिमला वेल्ड करून घ्यायची आयडिया कोणीतरी देणारच, चहा पाजा आणि सोडून द्या. आणि हो, ट्रान्सपोर्टच्या आरसीवर टायरचं माप लिहिलेलं असतं, पैसे मोजायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा.

टायर चढवणं घरी करू नका. पिंजरा असलेलं दुकान शोधा, कणकवली, कुडाळकडे हायवेला चौकशी करा. एकसंध डिस्क असली तरी पिंजरा हवाच, टायरची बाजू फाटू शकते. हवा भरायची नळी लांब, टोकाला स्वतः धरून राहणारा क्लिपवाला चक, आणि माणूस बाजूला, चाकाच्या तोंडासमोर कोणी नाही. कड बसत नाही म्हणून पेट्रोल टाकून काडी ओढणारे उस्ताद दिसले तर टायर उचलून परत या. पुढे कधी हवा कमी झाली, समजा १०० लागते आणि ८० किंवा त्याच्या खाली चालवली गेली, तर तशीच वरून मारायची नाही, चाक उतरवून टायर उघडून बघायचा.

बसवताना ड्रमचा आणि डिस्कचा टेकणारा भाग गंज आणि जाड रंग खरवडून साफ, नट समोरासमोर आलटून पालटून, टॉर्क पाना मॅन्युअलच्या आकड्यावर. मग देवगड ते कणकवली जाऊन या, साधारण १०० किलोमीटर होतात, आणि घरी आल्यावर सगळे नट परत बघा. आमचे तीन थोडे फिरले.

जुन्या डिस्क भंगारात तशाच दिल्यात तर महिन्याभरात दुसऱ्याच्या गाडीखाली दिसतील. टायर उतरवलेला आहे याची खात्री करून गॅस कटरने कापून द्या, रिंगासुद्धा. आम्ही एक रिंग तेवढी ठेवली, दोन तुकडे करून आंब्याला टांगलीय, वांदर आले की काका पान्याने बडवतात.