नेट गेलं म्हणजे नेमकं कुठून गेलं?

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मशिनं आहेत आणि त्यांची लॅब असिस्टंट मी एकटी. परीक्षेचे फॉर्म सुरू झाले की दिवसातून दहादा हाक येते, "मॅडम, नेट गेलं!" मी जागेवरूनच विचारते, "तुझंच, का सगळ्यांचं?" निम्मं काम तिथंच होतं. एकाचंच गेलं असेल तर दोष त्या मशिनात किंवा त्याच्या वायरीत. एक रांग गेली असेल तर त्या रांगेच्या स्विचकडे, म्हणजे रांगेतल्या सगळ्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डबीकडे बघायचं. सगळेच बसले असतील तर राउटर, नाहीतर त्याच्याही पलीकडची लाइन.

एवढं कळेपर्यंत राउटरला हात लावायचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पोराची तक्रार आली म्हणून राउटर बंद-चालू केला होता. त्याची वायर निघालेली होती, आणि बाकीच्या एकोणतीस जणांचे अर्धे भरलेले फॉर्म उडाले. ते दुपारभर माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती अजून आठवते.

एकाचंच गेलं असेल तर आधी मशिनामागे वाका. लॅनची, म्हणजे नेटची वायर जिथं जाते तिथला दिवा लागलाय का? नसेल तर वायर काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. जॅकची प्लास्टिकची खिटी तुटली असेल तर वायर बसल्यासारखी दिसते, पण जरा धक्का लागला की सुटते. आमच्याकडे सोमवारी सकाळी तक्रारी जास्त, कारण शनिवारी मावशी टेबलांमागून झाडू फिरवतात. मावशींना बोलून उपयोग नाही, खिटी तुटलेला जॅक बदलायचा.

दिवा लागलाय तरी नेट नाही? मग विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून 'सीएमडी' (cmd) टाइप करा. काळी खिडकी उघडेल, तिच्यात 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा द्या. आयपीव्ही४ पत्त्याची, म्हणजे नेटवर्कवरच्या मशिनाच्या आकड्यांतल्या पत्त्याची ओळ बघा. आमच्या लॅबमध्ये तो १९२.१६८.१ नं सुरू होतो. तिथं १६९.२५४ दिसलं तर राउटरनं मशिनाला पत्ता दिलेलाच नाही, विंडोजनं आपलं आपणच काहीतरी ठरवून घेतलंय. वायर तपासा, मग 'आयपीकॉन्फिग' पुढं तिरकी रेघ आणि 'रिन्यू' लिहून (ipconfig /renew) पत्ता परत मागा. एकदा अर्ध्या मशिनांना १९२.१६८.० चे पत्ते मिळायला लागले. शोधलं तर एकानं घरचा जुना वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला होता. पत्ते वाटणारे दोन झाले की असा गोंधळ होतो.

पत्ता बरोबर असेल तर पिंग (ping): त्याच काळ्या खिडकीत हा शब्द आणि पुढं पत्ता लिहायचा, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते कळतं. माईक मूस या अमेरिकी प्रोग्रामरनं ही आज्ञा १९८३ च्या डिसेंबरात लिहिली, तीही बिघडलेलं नेटवर्क तपासायलाच. पाणबुडीतल्या सोनार (sonar) या आवाजानं शोध घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून हे नाव. जवळून लांब जायचं, उड्या मारायच्या नाहीत. आधी राउटर, म्हणजे आमच्याकडे १९२.१६८.१.१. उत्तर आलं तर इथपर्यंतचा रस्ता ठीक. मग ८.८.८.८, हा गूगलचा सर्व्हर. तिथूनही उत्तर आलं म्हणजे बाहेरची लाइन चालू आहे. शेवटी एखाद्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि 'होस्ट सापडला नाही' असं नावाला येतं, तेव्हा नेट गेलेलंच नसतं. नावाचा आकडा करून देणारा डीएनएस बसलेला असतो. नेटवर्क अडॅप्टरच्या (मशिनातल्या नेटच्या कार्डाच्या) सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला, बहुतेक वेळा भागतं. मात्र काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, त्यामुळे एकाच ठिकाणी पिंग करून लाइन मेली असं ठरवू नका.

आता सगळ्यांचं जातं तेव्हा. राउटरजवळच्या फायबरच्या डबीवर 'एलओएस' चा लाल दिवा असेल तर घरात काही खटपट करू नका. बाहेरून उजेडच येत नाहीये. फायबर कुठं मुडपलीय का तेवढं बघा आणि कंपनीला फोन लावा.

पण माझी सगळ्यात वाईट दुपार लाल दिव्याची नव्हती. सगळे दिवे हिरवे, राउटर ठणठणीत, आणि एकही पान उघडत नव्हतं. स्विच बघितला तर त्याचे सगळे दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. कुणीतरी वायरीचं लोंबतं टोक बघितलं आणि नीटनेटकेपणाच्या हौसेनं रिकाम्या पोर्टात खुपसलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. साध्या स्विचला ही मेख कळत नाही. सगळ्यांसाठी पाठवलेला एक निरोप तो एका पोर्टातून बाहेर टाकतो, दुसऱ्यातून परत घेतो, पुन्हा टाकतो, आणि त्या गर्दीत कामाचं काहीच पुढं सरकत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: एकेक वायर काढायची, दोन-चार सेकंद थांबायचं. दिवे शांत झाले की चोर सापडला. तेव्हापासून मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची चिकटपट्टी लावते.

"चालतंय पण हळू" ही तक्रार वेगळी. अडॅप्टरचं स्टेटस उघडून वेग बघा. गिगाबिटच्या (१००० एमबीपीएसच्या) स्विचला जोडलेलं मशीन १०० एमबीपीएसवर अडकलं असेल तर बहुधा वायरीतली निळी किंवा तपकिरी तारांची जोडी तुटलेली असते. शंभरला आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. जॅक परत क्रिम्प करा, म्हणजे तारा जॅकमध्ये पक्कडीनं दाबून बसवा.

आणि एक गंमत. सतरा नंबरच्या मशिनावर पिंग चाले, नावं चालत, पण फॉर्मची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडायची. खालच्या कोपऱ्यात तारीख बघितली तर २००९! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, तारीख लावली, आणि त्या मुलीचा फॉर्म पाच वाजायच्या आत गेला.