बी-लाईन दिसली की लॅसिक्स? आयसीयूत लंग अल्ट्रासाऊंड शिकणाऱ्यांसाठी थोडं

ज्यांचं आयसीयू पोस्टिंग नुकतंच सुरू झालंय, रात्रीची ड्युटी लागलीय आणि कोपऱ्यातली चाकांची सोनो मशिन आता 'तुम्हीच वापरा' म्हणून ताब्यात आलीय, त्यांच्यासाठी लिहितेय. प्रोब कसा धरायचा, ए-लाईन (हवेमुळे दिसणाऱ्या आडव्या रेघा) म्हणजे काय, बॅट साईन (दोन बरगड्या आणि मधली जागा मिळून दिसणारं वटवाघळासारखं चित्र) कुठे शोधायची हे तुम्हाला येतं असं धरून चालते. नसेल येत तर लिख्टेनस्टाईन यांचा २००८ चा ब्लू प्रोटोकॉल (दम लागलेल्या पेशंटच्या छातीची सोनो करून कारण शोधायची पद्धत) आधी वाचून या, फार मोठा नाहीये, आणि अजूनही सगळे तिथूनच सुरुवात करतात.

लंग अल्ट्रासाऊंड सोपा आहे असं सगळे सांगतात, आणि चित्र ओळखण्यापुरतं ते खरंच आहे. पोटाच्या सोनोग्राफीसारखं अवयव शोधत बसायला लागत नाही, प्रोब ठेवला की काहीतरी दिसतंच. घात नेमका तिथेच होतो, कारण चित्र ओळखलं की डोक्याला वाटतं निदान झालं.

बी-लाईन (स्क्रीनवरची उभी पांढरी रेघ) म्हणजे फुफ्फुसात पाणी, पाणी म्हणजे लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध). हे गणित कुणी शिकवत नाही, पण रात्री दोन वाजता ते आपोआप डोक्यात तयार होतं. माझ्याही झालं होतं, आणि दर बॅचमध्ये कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात होतंच, म्हणून यावर जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

बी-लाईन हा आर्टिफॅक्ट आहे, म्हणजे खरी वस्तू नाही, मशिनच्या लहरींनी तयार झालेला आभास. प्लुरापाशी (प्लुरा म्हणजे फुफ्फुसावरचं पातळ आवरण) फुफ्फुसात हवा कमी झाली आणि दुसरं काहीतरी वाढलं की ती उभी रेघ प्लुरापासून निघते, स्क्रीनच्या तळापर्यंत न विझता जाते, वाटेतल्या ए-लाईन पुसते आणि श्वासाबरोबर हलते. ते 'दुसरं काहीतरी' काय आहे हे मशिनला कळत नाही. हार्ट फेल्युअरचं पाणी असेल, एआरडीएस (फुफ्फुसांना गंभीर सूज येऊन श्वास बिघडणं) असेल, न्यूमोनिया, फुफ्फुसातला रक्तस्राव, जुनं फायब्रोसिस असेल, नाहीतर कळंगुटला बुडता बुडता लाईफगार्डने बाहेर काढलेला पंचविशीतला टुरिस्ट असेल. सगळ्यांची रेघ सारखीच. आणि खालच्या बाजूच्या स्पेसेसमध्ये (दोन बरगड्यांमधल्या जागांत) एखाददुसरी बी-लाईन ठणठणीत माणसालाही असते. एका स्पेसमध्ये तीन किंवा जास्त असतील तरच त्याला पॉझिटिव्ह म्हणायचं.

आता गोव्यातला पावसाळा आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सत्तरी, पेडणे, डिचोलीकडून, पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडूनही पेशंट येतात. शेतात चिखलात उभं राहून काम करणारा माणूस, चार दिवस ताप, डोळे लाल आणि वर पिवळे, पोटरी दाबली की कळवळतो. युरिन कमी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) चढलेलं, प्लेटलेट्स उतरलेल्या, बाहेरच्या दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या लागलेल्या आणि दुपारपासून दम. तुम्ही छातीवर कर्व्ह प्रोब ठेवता, दोन्ही बाजूंना बी-लाईन्सची नुसती गर्दी. युरिन होत नाही, सलाईन गेलंय, छातीत 'पाणी' दिसतंय, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय ना? सिस्टरनी लॅसिक्स भरून पण ठेवलेलं असतं.

इथे थांबायचं, लिनिअर प्रोब घ्यायचा, डेप्थ पाच सेंटीमीटरवर आणायची आणि फक्त प्लुरा बघायची. घाई नको, एकेका स्पेसमध्ये चार-पाच श्वास जाऊ देत. हार्ट फेल्युअरमध्ये प्लुरा बारीक, सलग, गुळगुळीत असते, छान सरकते, बी-लाईन्स दोन्ही बाजूंना साधारण सारख्या पसरलेल्या असतात आणि बऱ्याचदा खाली दोन्हीकडे एफ्युजनही (फुफ्फुसाबाहेर साचलेलं पाणी) असतं. आपल्या या माणसाची प्लुरा मात्र जाडसर, मध्येच तुटलेली, तिच्या लगेच खाली तांदळाच्या दाण्याएवढे काळे ठिपके, ते सबप्लुरल कन्सॉलिडेशन, म्हणजे प्लुराखालचा हवा गेलेला घट्ट भाग. एका स्पेसमध्ये पांढरं फटक आणि शेजारच्याच स्पेसमध्ये स्वच्छ ए-लाईन, जणू काही झालंच नाही. ही अशी शाबूत राहिलेली पट्टी कार्डिआक पल्मनरी इडिमात (हार्टमुळे फुफ्फुसात पाणी साचतं त्यात) सहसा मिळत नाही. कोपेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच हा फरक नीट मांडलाय, प्लुरा कशी, स्लायडिंग (प्लुराचं सरकणं) किती, मध्ये शाबूत राहिलेल्या जागा आहेत का. नवीन काही नाही, फक्त कुणी बघत नाही.

मग हार्टवर प्रोब. एलव्ही (हार्टचा डावा, रक्त पंप करणारा कप्पा) जोरात मारतोय, आयव्हीसी (हार्टकडे रक्त आणणारी मोठी शीर) चपटी. म्हणजे हा माणूस आतून कोरडा आहे, आणि छातीत जे आहे ते बहुतेक रक्त आहे. इंट्यूबेट केल्यावर ट्यूबमधून सक्शन लाल येतं तेव्हा सगळ्यांनाच कळतं, पण तोवर लॅसिक्स गेलेलं असेल तर उतरलेलं बीपी आणखी उतरलं आणि आधीच रुसलेल्या किडनीचं उरलंसुरलंही गेलं.

पण आता याच्या उलटं पण करू नका. लेप्टोत मायोकार्डायटिस (हार्टच्या स्नायूला सूज) होतो, आणि किडनी बंद असताना बाहेर दोन-तीन लिटर चढवलेला पेशंट खरोखर ओव्हरलोड असू शकतो, त्याला डायलिसिस लागेल. 'लेप्टो आहे म्हणजे ब्लीड' हे पण तितकंच आंधळं. बी-लाईन दिसली की प्लुरा कशी, पसरण कशी, हार्ट कसं, या तिन्हीचं उत्तर तोंडाने मोठ्याने म्हणायचं आणि मगच औषधाचं नाव काढायचं. जुने भूलतज्ज्ञ सर असतील तुमच्याकडे तर त्यांच्यासमोर म्हणा, ते हसतील, पण ऐकतील.

मशिनबद्दल. अर्धी भांडणं सेटिंगमुळे होतात. ॲबडॉमेन प्रीसेट लावून छाती बघितली तर हार्मोनिक आणि कंपाउंड इमेजिंग (चित्र स्वच्छ करणाऱ्या सेटिंग) चालू असतं, मशिन बिचारी 'कचरा' साफ करायला जाते आणि आपल्याला तोच कचरा बघायचा असतो. लंग प्रीसेट असेल तर लावा, नसेल तर दोन्ही बंद करा, फोकस प्लुरावर आणा. प्रोब तिरका पडला की चांगली प्लुरा पण धूसर आणि जाड दिसते, म्हणून 'इरेग्युलर प्लुरा' असं केसपेपरवर लिहायच्या आधी प्रोब जरा इकडे तिकडे डुलवून काटकोनात आणून परत बघा. आणि कर्व्ह प्रोब अठरा सेंटीमीटर डेप्थवर ठेवून प्लुरा गुळगुळीत आहे असं सांगणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्या डेप्थला सगळ्यांचीच प्लुरा गुळगुळीत दिसते.

बी-लाईन आपोआप मोजून देणारं सॉफ्टवेअर आलंय, कंपनीवाला डेमो देतो तेव्हा भारी वाटतं. नवीन माणसाने ते बंद ठेवावं असं माझं मत, कुणाला राग आला तर येऊ दे. आकडा मिळाला की डोळे बघायचं सोडतात. छातीवर किती ठिकाणी प्रोब ठेवायचा, सहा पॉइंट, आठ पॉइंट, बारा पॉइंट हा वाद पण मला फुकटचा वाटतो, कुठलाही एक धरा आणि रोज तोच करा, फक्त पाठीकडची बाजू सोडू नका. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं कन्सॉलिडेशन आणि एफ्युजन मागे-खाली जमतं, आणि आपण समोरून चार ठिकाणी प्रोब टेकवून 'क्लिअर' लिहून मोकळे होतो. पेशंट थोडा वळवायला मामांना (वॉर्डबॉयना) हाक मारा, लाजू नका.

वीकेंड वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीला शोभतं. तिथे मॉडेल म्हणून झोपलेला पोरगा निरोगी असतो, त्याच्या छातीवर ईसीजीचे स्टिकर नसतात, सेंट्रल लाईनचं ड्रेसिंग नसतं, आणि तो शंभर किलोचा पण नसतो. खरं शिकायचं असेल तर डायलिसिस युनिटला जाऊन बसा. पेशंटला विचारून डायलिसिसच्या आधी बघा, नंतर त्याच जागी परत बघा. पाणी निघालं की बी-लाईन्स डोळ्यासमोर कमी होतात. मग एआरडीएसवाल्याला दोन दिवस लागोपाठ बघा, तिथे त्या हटत नाहीत. हे दोन्ही स्वतः पाहिलेल्या मुलाला मला परत काही समजवावं लागत नाही. डायलिसिसचे पेशंट गप्पिष्ट असतात, स्क्रीनकडे बघून 'दोतोर, कितें दिसता?' विचारतात, त्यांना सोप्या शब्दांत सांगता आलं तर समजा तुम्हाला पण कळलंय.

न्यूमोथोरॅक्सचं (फुफ्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये हवा शिरणं) थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. स्लायडिंग आहे म्हणजे त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, हे पक्कं. स्लायडिंग नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स आहे, हे अजिबात पक्कं नाही. श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या श्वासनळीत) गेली की डावीकडे स्लायडिंग जातं, जुन्या टीबीच्या ॲढेजन्समुळे (प्लुरा चिकटल्यामुळे) जातं, मोठ्या बुलामुळे (फुफ्फुसातल्या हवेच्या फुग्यामुळे) जातं, पेशंट श्वासच घेत नसेल तरी जातं. लंग पल्स (हार्टच्या ठोक्याबरोबर हलणारी प्लुरा) दिसला किंवा एक जरी बी-लाईन दिसली तर तिथे न्यूमोथोरॅक्स नाही. लंग पॉइंट (सरकणारी आणि न सरकणारी प्लुरा भेटते ती जागा) सापडला तर आहे. यातलं काहीच नाही आणि पेशंट स्टेबल आहे तर ट्यूब किती सेंटीमीटरवर फिक्स आहे ते आधी बघा, सुई नंतर. पेशंट कोसळतोय तर अर्थात लंग पॉइंट शोधत बसायचं नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

सुरुवातीला हात थरथरतो, प्रोब घसरतो, पावसाळ्यात एसी बंद पडला की घाम आणि जेल एकत्र होऊन काय चाललंय तेच कळत नाही. सगळ्यांचं होतं. रेडिओलॉजीची पीजी मागे उभी राहून हसली तरी तिलाच पकडा, 'प्लुरा दाखव ना जरा' म्हणा, माझ्या अनुभवात मोठ्या नावाच्या फॅकल्टीपेक्षा अशा एखाद्या पीजीकडून जास्त मिळतं, कारण ती प्रोब स्वतःच्या हातात घेऊन टाकत नाही. जे सर प्रोब हिसकावून घेतात त्यांच्याकडून हात शिकत नाही, फक्त भीती शिकते.

अजून दोन कामाच्या गोष्टी. क्लिप सेव्ह करा, फोटो नको, स्लायडिंग फोटोत दिसत नाही. केसपेपरवर बाजू, जागा, वेळ आणि व्हेंटिलेटरचा पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवलेला दाब) लिहा, नाहीतर सकाळच्या राऊंडला तुमच्या चित्राची आणि त्यांच्या चित्राची तुलनाच होत नाही. आणि मशिन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली एका ठरावीक जागेसाठी नोंदलेली असते, आपण छातीच बघतोय असं म्हणून ती ओळखीच्या डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये रात्रीपुरती उचलून नेता येत नाही. कुणी कितीही सीनियर असो, मागितली तर नाही म्हणा आणि पेशंट इकडे पाठवायला सांगा.